बाबूचं पेडल

नात क्षितिजाचं लग्न ठरलं त्या वर्षी सरोजिनी जुना अबोला मोडून गास गावाला निघाली. धाकट्या भावाला, ड्रम वाजवणाऱ्या बाबूला, आमंत्रण द्यायचं होतं. नालासोपाऱ्याला रिक्षाच्या रांगेत पुढे दोघे बँडवाले बोलत होते.

“जितू, तुझं ड्रमचं चेनवालं पेडल वर्षात खिळखिळं झालं. हे बघ, चामड्याच्या पट्ट्याचं. तुझ्या बापापेक्षा म्हातारं!”

“पट्टा तुटतो ना, विपुलदादा?”

“तुटला की चांभार नवा शिवतो. बाकी सगळं लोखंड.”

“अरे, हे तर गासच्या बाबूकाकांचं! ते कुणाला पाय लावू द्यायचे नाहीत.”

“काकींनी दिलं. म्हणाल्या, वाजतं ठेव.”

“आणि बाबू?” सरोजिनीने मागून विचारलं.

“आजी, तुम्ही कोण त्यांच्या?”

“थोरली बहीण.”

“तुम्हाला कळवलं नाही?”

बाबू होळीच्या आदल्या दिवशी गेला होता.