दत्तूमामांच्या म्हशीचं दूध

तुम्ही कधी दूधकट्ट्यावर जाऊन नासवायला दूध मागितलंय काय? मी मागितलंय.

दुसऱ्या दिवशी शाहूपुरीत माझा कॅफे उघडायचा होता आणि रिकोटाचे गोळे काय जमत नव्हते. रिकोटा म्हणजे पनीरचाच मऊ भाऊ. पिशवीच्या दुधाचे केले की उकळत्या पाण्यात फुटायचे. म्हणून डबा घेऊन कट्ट्यावर गेलतो. तिथं दत्तूमामा गिऱ्हाइकाच्या पुढ्यातच म्हशीची धार काढतात.

मामांनी विचारलं, “एवढ्या दुधाचं काय करतोस?”

“लिंबू पिळून नासवणार.”

मामांचा हात थांबला. “माझ्या म्हशीचं दूध नासवायला न्हाय मिळायचं. हितं उभ्यानं पी, अंग धरशील.”

“मग घरी चला की मामा. डोळ्यानं बघा.”

आले की खरंच. दुधाची किटली मांडीवर घेऊन बसले, मग एकदाची माझ्या हातात दिली. दूध फाटलं, तसं मयताला आल्यागत मान खाली घातली.

मी ते फडक्यात निथळलं. शेपू, कोथिंबीर, पुदिना आणि थोडा रवा घालून गोळे वळले आणि पाण्यात सोडले. एकबी फुटला न्हाय. तुपात परतून बशी पुढं केली. मामांनी एक खाल्ला. मग सगळी बशी संपवली.

“कसं झालंय?”

मामा टोपी नीट करत उठले. “उद्या लागंल तेवढं दूध आणतो. पण कट्ट्यावर आलास तर म्हशीसमोर हा विषय काढायचा न्हाय.”