समुद्राच्या तळाची इरली

माझं माहेर कळंब आणि दिलं पोशीरला, म्हणजे तसं काय लांब नाय, पण लग्नात मला वाटलं होतं की लई दूर चालले. घर भातशेतीचं. आमचे हे शेती करायचे आणि इरली बांधायचे. इरलं तुमी बघितलं असंल नसंल, काय सांगू तुमाला, बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्या विणायच्या, त्यांच्यामधी पळसाची पानं दाबून बसवायची आणि ते डोक्यावरून पाठीवर घ्यायचं, मंग बाई वाकून लावणी करतेय, वरून पाऊस कोसळतोय, पण पाठ कोरडी आणि दोन्ही हात मोकळे. सासरे म्हणायचे, थेंब आत आला तर ते इरलं नाय, ती टोपली. ह्यांनी जन्मभर तेवढं एक धरून ठेवलं.

मंग प्लास्टिकचे कागद आले, इरलं कोणी इचारीना, आणि त्यातच ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, तोंड जरा वाकडं झालं. बोलता यायचं, पण बोलायचे नायत. नुसते ओट्यावर बसून. मी म्हणायची, अवो, नाक्यापर्यंत तरी चला, तर म्हणायचे, काय दाखवू लोकांना, हा हात? हसणं तर मी इसरलेच होते त्यांचं. मला दुसरं काय नको होतं ताई, माझा माणूस एकदा पहिल्यासारखा हसावा, एवढंच.

अशात एक मुलगी आली गाडीतून, रेवती तिचं नाव, मुंबईची. कळंबच्या रिसॉर्टात भिंतीला टांगलेलं जुनं इरलं तिनं पाहिलं आणि इचारत इचारत आमच्या दारात आली. म्हणाली, खालापूरकडं आमच्या सिनेमाचं शूटिंग हाय, पुढच्या काळातली गोष्ट, सगळी जमीन बुडालेली, माणसं समुद्राच्या तळाशी गाव करून राहतात, शेवाळाची लावणी करतात, त्या बायकांच्या पाठीवर मला हे पाहिजे, मावशी, कासवासारखं दिसतं. आमचे हे ऐकून घेऊन आत निघून गेले. मीच म्हटलं, देतो करून. हात माझे आणि नजर ह्यांची.

मंग रोज ओट्यावर मी विणायची आणि हे बाजूला बसून टोकायचे. ती कामटी सैल हाय गं, काढ. पान उलटं लावलंस, डोळे कुठं हायत तुझे? पहिले मला राग यायचा, मंग लक्षात आलं, अगं बाई, हा माणूस बोलतोय. मंग मी मुद्दाम एखादं पान उलटं लावायची. आणि सिनेमा पाण्याचा म्हटल्यावर ह्यांनी ठरवलं की एरवी पानांचा एक थर, इथं तीन घालायचे, वर फटी मेणानं बुजवायच्या. एवढ्या पाण्यात आपली अब्रू जायला नको म्हणाले. मलापण ते बरोबरच वाटलं.

टेंपोत इरली घालून मी एकटीच गेले, हे आले नायत. तिथं ही मोठी टाकी, आतून निळी, बाजूला काच, काचेमागं कॅमेरा, आणि पाण्यातसुद्धा एक माणूस कॅमेरा घेऊन. तळाला हिरव्या पट्ट्यांचं शेवाळ लावलेलं. बाकीचं गाव म्हणे नंतर कॉम्प्युटरात घालतात. एका पोरीच्या पाठीवर इरलं बांधलं, ती शिडीनं उतरली, आणि काय सांगू, इरलं तिला घेऊन सरळ वर. दोघांनी खालून पाय धरून ओढली, परत वर. नदीत रिकामी हंडी उपडी दाबली तर दबते का? तसं झालं. सगळे हसले, मीपण हसले, आणि मंग मला रडू यायला लागलं.

सिनेमाचे मोठे साहेब, डायरेक्टर, ते रागावले नायत, म्हणाले, आज दुसरं काम करू. रेवती जवळ येऊन बसली. मावशी, आत हवा कोंडतेय, वर भोकं पाडली की जाईल, कडेला शिसं बांधू, मी पाडते भोकं. मी म्हटलं, थांब गं, आमच्या मालकांना इचारल्याबिगर नको. घरी येताना जीव थाऱ्यावर नव्हता. इरल्याला भोक पाडायचं हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं? माणूस जरा ओट्यावर बोलायला लागला होता, तो परत आत जाऊन बसला तर?

दारातच इचारलं त्यांनी, आत पाणी गेलं?

मी म्हटलं, थेंब नाय. दोन माणसं पोरीचे पाय धरून ओढत होती, तरी इरलं बुडंना.

ते माझ्याकडं बघत राहिले. तोंडाचा एक कोपरा हालला, मला वाटलं परत झटका आला की काय, मी धावले, तर ते हसत होते. पोट धरून हसले ताई. ओढलं तरी नाय? मी म्हटलं, नाय. परत हसले. मंग मी भोकाचं सांगितलं. हसू थांबलं. म्हणाले, दुसऱ्यानं पाडलेलं भोक मी बघणार नाय. मी पाडतो. माझा धुतलेला शर्ट काढ गं.

दुसऱ्या दिवशी टाकीजवळ बसून ह्यांनी डाव्या हातानं, सळई तापवून, एकेका इरल्याला भोकं पाडली. प्रत्येक भोकाला काहीतरी पुटपुटत होते, मला वाटतं बापाची माफी मागत असतील. कडेला शिसं बांधलं, पोरी तळाशी उतरल्या, वाकून लावणी करायला लागल्या, आणि पाठीतून बुडबुडे वर निघाले, मण्यांच्या माळा सोडल्यासारखे. साहेब खुर्चीतून उठले. म्हणाले, काका, ही तर त्या गावची माणसं श्वास घेतायत. मंग सिनेमात ते तसंच ठेवलं.

सिनेमा आला तेव्हा पोरांनी विहारात पडदा लावला. आमची इरली आली आणि चहाचा घोट गिळेपर्यंत गेली, पण सगळी वाडी ओरडली. हे माझ्या कानात म्हणाले, दुसऱ्या पोरीच्या इरल्याची कामटी सैल राहिलीय गं.

हात काय सुधारला नाय. पण आता नाक्यावर जातात, कोणी इचारलं तर सिनेमा सांगतात, दर खेपेला ओढणारी माणसं वाढतात. रेवतीचं भलं होवो, जिथं असंल तिथं पोरगी सुखात राहो. यंदा लावणीच्या आधी त्यांचा डावा आणि माझे दोन असे हात मिळून एक इरलं माझ्यासाठी बांधलं, बिनभोकाचं. शेतात बाया चिडवतात, आली बघा समुद्राची बाई. मी संध्याकाळी घरी येते, ते डावा हात माझ्या पाठीवर फिरवून बघतात, आणि मी इचारायच्या आधीच म्हणतात, कोरडी हाय.