सतरा नंबरची विहीर

—छे, मीटरचा दोष कसा असेल, आमच्याकडे मीटर होतंच कुठे? बस ना तू, ती फाइल मांडीवरून खाली ठेव. पाण्यातल्या मिठाचं क्लोराइड आम्ही हातानंच काढायचो — ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचं, पिवळ्याचं विटकरी झालं की थांबायचं, आकडा लिहायचा. एकतीस वर्षं त्या प्रयोगशाळेत हेच केलं मी. माझ्यानंतर मोजणीच बंद पडली, ती आता तू सुरू करतेयस, चांगलंय. पण तू म्हणतेस, माझ्या नोकरीची शेवटची दोन वर्षं सोळा नंबरची विहीर खारी, अठराची खारी, आणि मधली सतराच तेवढी बरी कशी — अगं, जमिनीच्या पोटात काय सरळ रेघा मारलेल्या असतात? किनाऱ्याची सपाटी ती, कुठे रेती, कुठे चिकणमाती. मध्येच चिकणमातीचा पडदा आला तर समुद्राचं पाणी अडतं. अडू शकतं. लिही तसं.

काय? बोअर घेतलंत तिथं? आणि खालपर्यंत नुसती रेतीच?

हं. मग नमुना आणणाऱ्यानं बाटल्या बदलल्या असतील — नाही, नको, त्याच्यावर नको घालूस. बिचारा गेला मागच्या वर्षी, आणि बाटलीला चिठ्ठी चिकटवल्याशिवाय तो विहिरीपासून हलायचा नाही. मला तरी कसं आठवणार सांग, बहात्तर विहिरी होत्या, सतरा काय नि सत्तावीस काय. ती सतरा म्हणजे — कठडा एका बाजूनं खचलेला, पंपाला निळा पाइप, शेजारी नवी खोली, खिडक्यांना अजून रंग नव्हता, सून यायची म्हणून सगळी घाई —

बघतेस काय अशी? हो. माझ्या धाकट्या बहिणीची विहीर ती.

तुला नियम माहीत आहे, आकडा हजाराच्या वर गेला की पाणी पिण्याला बंद आणि ते घर दुसरीकडे हलवायच्या यादीत. धाकटी प्रयोगशाळेत आली, माझ्या स्टुलावर बसली. म्हणाली, "ताई, बारा वर्षं भाड्याच्या खोलीत काढली गं. पाणी जरा मचूळ लागतं, एवढंच. चहात तर कळतही नाही." मी तिला झापलं. म्हटलं, आकडा म्हणजे आकडा, तो काय माझ्या घरचा आहे? रडत गेली. आणि त्याच दुपारी अकराशे चाळीस आला, आणि मी सातशे चाळीस लिहिलं. खाडाखोड नाही, काही नाही. मग काय, एकदा लिहिलं की पुढचा आकडा मागच्याला शोभेल असाच लिहावा लागतो. चार वेळा लिहिला.

पुढं सुनेला दिवस गेले. सातव्या महिन्यात पाय सुजले, रक्तदाब चढला, डॉक्टर म्हणाले मीठ बंद. धाकटी शहाणी, तिनं अख्ख्या घराचं मीठ बंद केलं, सगळे अळणी जेवायला लागले. आणि सुनेला म्हणायची, पाणी भरपूर पी बाई, पाण्यानं सगळं निघून जातं. समोर बसून तांब्या तांब्या पाजायची. मला फोनवर कौतुकानं सांगायची. मी ऐकायचे. दोन शब्द बोलायचे होते मला — पाणी बदल. मी काय म्हणाले माहीत आहे? विश्रांती घे म्हणावं तिला.

सून वाचली. मूल नाही वाचलं.

पाण्यानंच झालं असं कुठंय? दुसऱ्याही हजार कारणांनी होतं — तू शिकलेली आहेस, तू सांग. नको, नको सांगूस. दवाखान्याच्या बाकावर धाकटी माझा हात धरून म्हणाली, "पाणी तरी आपलं चांगलं होतं, ताई, तुझ्या ऑफिसचा कागद आहे माझ्याकडे." आठ वर्षं झाली. त्या घराला नळ आला पुढं, तेव्हा वाटलं, चला, आता त्या विहिरीशी कुणाचं काही उरलं नाही. संपलं.

काय म्हणालीस? मागच्या वस्तीला नवी विहीर? त्या सतराच्या आकड्यांवरून जागा ठरवली? — कधी? — किती घरं पितात?

पेन काढ.

घे, लिही. सतरा नंबर. अकराशे चाळीस. बाराशे दहा. बाराशे नव्वद. तेराशे साठ. कागद कशाला हवा, पाठ आहेत मला. खाली माझी सही घे. कारणाच्या रकान्यात — नाही, नजरचूक नको. मुद्दाम केलं, असं लिही. लिही गं, तू का रडतेस? आणि आज संध्याकाळच्या आत त्या विहिरीवर पाटी लागली पाहिजे, तुझ्या साहेबांची सही होईपर्यंत थांबू नकोस.

धाकटीला? तिला मीच सांगणार. आत्ताच, नाहीतर परत आठ वर्षं जातील. तू ऊठ आता. नको, धीरबीर द्यायला थांबू नकोस, मी बोलत असताना इथं कुणी नको. फाटक नीट ओढून घे, मला लगेच उठवत नाही.

हॅलो — हो गं, ताईच. नाही, बरी आहे मी. तू उभी आहेस का? बस आधी. बसलीस?