लोनेसच्या घरी मातागट गेला त्याबाबत

नाव : एनेलेसी काम्बुवा. वय : सत्तेचाळीस असावे. धंदा : सुकी मासळी विकणे. शिक्षण : दुसरी. राहणार : चिम्वेरे, सरोवरकाठ, मलावी.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, आमच्या गावच्या प्राथमिक शाळेत बायकांचा मातागट आहे, त्यात मी आहे. पोरीला कुणी छळलं, मनात काही सललं, तर तिने आमच्याशी बोलायचं. आम्ही तिच्या घरी जाऊन समजूत घालायची. गटाला निळं कापड मिळालं आहे. सगळ्याजणींनी तेच कंबरेला गुंडाळून, गाणं म्हणत जायची रीत आहे.

लोनेस, वय तेरा, सहावीत. आई दक्षिण आफ्रिकेत घरकामाला, पोरगी मामा बेस्टन याच्याकडे. आमच्यात बहिणीच्या लेकरांचा मालक मामाच. मंगळवारी शाळेत लापशी वाटून झाल्यावर ती मागे थांबली. म्हणाली, "काकू, मामा मला होडीवाल्या दाउदीला देतोय."

मी म्हणाले, "बोलते मी."

"एकटीच ये. कापड नको नेसूस. मासळी विकायला आल्यासारखी ये."

हे मी गट चालवणारे माकवेन्डा गुरुजी यांना सांगितलं. गुरुजी म्हणाले, "एकटीने जायचा नियम नाही. आणि कापडाशिवाय गेलात तर तुम्हाला विचारतो कोण?" अध्यक्षीण फालेसी म्हणाली, "हिला तिथंही मासळी खपवायचीय." बायका हसल्या.

गुरुवारी आम्ही आठजणी आणि गुरुजी गेलो. गाणं म्हटलं. शेजारपाजार कुंपणाशी जमला. मामाने खुर्च्या मांडल्या, भाजक्या शेंगा दिल्या. गुरुजी मुलांच्या मनाच्या आरोग्यावर बोलले. मग मामाने पोरीला हाक मारली. म्हणाला, "पाहुण्यांना काय सांगितलंस ते इथंच सांग, बाळा."

ती म्हणाली, "काही नाही."

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी शेंगा खात होते.

परतताना फालेसी म्हणाली, "किती भला माणूस गं!"

सोमवारपासून लोनेस शाळेत नाही. मामा सांगतो, पलीकडच्या काठाला मावशीकडे पाठवली. ती मावशी गेल्या वर्षी वारली. मयताच्या स्वयंपाकाला मी होते. दाउदीची होडीही काठाला नाही.

साहेबांनी विचारलं, "मुलगी तुमची कोण लागते?" कोणी नाही. साहेब म्हणाले, "मग बाई, हरवल्याची तक्रार तुम्हाला देता येत नाही. पालकाने द्यावी." पालक म्हणजे मामा. त्यावर मी जे बोलले ते जबाबात घालता येत नाही असं साहेब म्हणाले, म्हणून घातलेलं नाही.

ठाण्याच्या गाडीत तेल नाही. मामाने चौकशीला हजर व्हावं अशी चिठ्ठी साहेबांनी लिहिली आहे. ती मामाच्या हातात नेऊन द्यायचं काम माझ्याकडे दिलं आहे.

वरचं सगळं मला वाचून दाखवलं. जेवढं लिहिलं आहे तेवढं मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. चिठ्ठी मिळाली. अंगठा देते.