सासऱ्यांना सुनावण्याची जागा

जुन्या दफनभूमीवर वाहनतळ नको, अशी हरकत नोंदवायला निवृत्त मास्तर रांगेत उभे होते. पुढे दोन बायकांचं चाललं होतं.

“तुझं कोण आहे गं तिथे?”

“सासरे.”

“एवढा जीव होता त्यांच्यावर?”

“जीव कसला! हयातभर मला तोंड उघडू दिलं नाही. आता दर रविवारी थडग्यापाशी ऐसपैस बसते आणि सगळं सुनावून येते.”

“मग घरी फोटोसमोर बोल की!”

“फोटोत डोळे वटारलेत. धीर होत नाही.”

“अजून बरंच उरलंय?”

“आत्ताशी लग्नाचं पहिलं वर्ष संपतंय, आणि म्हणे वाहनतळ!”

मास्तरांनी रांगेतूनच घरी फोन लावला.

“सूनबाई, मला काही बोलायचं असेल तर आत्ताच बोलून घे.”

“घाई नाही, बाबा. तुम्ही आधी हरकत नोंदवा.”