दाराजवळची वीट

आयर्लंडमधल्या कॉर्क शहराच्या बसमध्ये नोराच्या पुढच्या बाकावर गवंडी फिनबार आणि म्हाताऱ्या हेगर्टीबाई बसले होते.

"बाई, दीडशे वर्षांची भिंत, चुन्यात बांधलेली. सांध्यांत सिमेंट कुणी भरलं?"

"आमच्या ह्यांनी. ओल यायची ना. पोस्टातला माणूस, पण गवंडीकामाची भारी हौस."

"सिमेंटनंच ओल आत कोंडली. विटांचा भुगा होतोय. सगळं खरवडून पुन्हा चुना भरावा लागेल."

"दाराजवळचंही?"

"तिथं काय आहे?"

"सिमेंट ओलं असताना ह्यांचा अंगठा उमटलाय. ते गेल्यापासून कुलूप लावताना मी रोज त्यावर बोट ठेवते."

नोराचा थांबा जवळ आला होता. तिनं उचललेली पिशवी परत खाली ठेवली.

"तेवढं ठेवलं, तर तिथली वीट जाईल, बाई."

"कधी?"

"दहा वर्षं काढील फार तर."

"मी एक्क्याऐंशीची आहे, फिनबार."

"मग राहू दे. फक्त बोट जरा हलकंच टेकवत जा."