शेवटचं काडतूस

उद्यापासून हरणांची शिकार सुरू. आमच्या घरामागे रान, म्हणून शिकाऱ्यांना लांबून दिसावी अशी नारिंगी टोपी लेकीसाठी घेऊन मी डोरीनताईंच्या दुकानात रांगेत उभी होते. पुढे त्याच रानात शिकारीला जाणारे आमचे शेजारी, दोघे म्हातारे भाऊ. थोरला सेल्मर, धाकटा आर्विड.

"दादा, गेल्या वर्षी हरीण समोर उभं होतं. गोळी का नाही झाडलीस?"

"बाबांनी बंदूक मला दिली, काडतुसं तुला. खिशातून काढलंस का?"

"शेवटचं उरलंय! या मापाची आता बनतही नाहीत. एवढ्याशा हरणावर घालवू?"

"म्हणून वाद घालत बसलास. हरीण ऐकत होतं सगळं."

"कंटाळून गेलं बिचारं. गुद्रुनवहिनी काय म्हणाली?"

"तिला काय, दरवर्षीचंच सांगितलं. काडतूस राखून ठेवलंय."

मी टोपी परत फळीवर ठेवली.

तेवढ्यात डोरीनताईंनी गल्ल्याखालून एक धुळकट खोकं काढलं.

"घ्या! कुणाच्या तरी माळ्यावर सापडलं. तुमच्याच मापाची काडतुसं, अख्खं खोकं भरून."

आर्विडने झाकण उघडून आत पाहिलं.

"दादा, आता रे?"

"आता काय! तुला हरीण सोलता येतं का?"

"मला वाटलं, तुला येतं."

"डोरीन, हे गुद्रुनला सांगू नकोस हं."

"अहो, तिनेच तर शोधायला सांगितलं होतं!"

मी टोपी पुन्हा उचलली. कुत्र्यासाठीही एक घेतली.